थंडीचे अत्तर

"मोगरा आणू नकोस हं. पौषात मोगरा म्हणजे रजाई मागितली असता उपरणं पुढे करण्यासारखं आहे!"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे सामान आणावयास मी पिशवी घेऊन निघालो, तेव्हा माजघरातून आत्याने ही सूचना केली. यादी सौभाग्यवतींनी केलेली होती. तीळ, गूळ, ऊस, बोरे, वाण म्हणून द्यावयाच्या वाट्या आणि अगदी शेवटी 'अत्तर, लहान बाटली एक'. कोणते अत्तर, ते यादीत नव्हते. आमच्या घरी गेली कित्येक वर्षे ते कधीच नसते. दुकानदार जी बाटली पुढे करील ती यायची आणि अत्तरदाणीत रिती व्हायची. आत्याने त्यावर आजवर मत दिले नव्हते. द्यावे तरी कसे? १९८४ साली तिचे यजमान गेले आणि ती लष्करात, आपल्या माहेरी, आमच्याकडे राहावयास आली. तेव्हापासून संक्रांतीला अत्तरदाणी फिरू लागली, की आत्या "दूध बघते" म्हणून आत उठून जाते. त्या दिवशी दूध उतू गेल्याचे मला तरी आठवत नाही.

"मग कोणतं आणू?" मी विचारले.

तिने उत्तर दिले नाही. आपल्या खोलीत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि बोटभर उंचीची एक जाड काचेची कुपी घेऊन ती बाहेर आली. कुपी रिकामी होती. बूच काळे पडले होते.

"ही अण्णांची. दुकानदाराला हुंगायला दे. जाणता असेल तर त्याला कळेल."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. शिंदे सरकारच्या दरबारी हिशेबाच्या कामावर होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तरी त्यांचा डगला आणि कानातला फाया काही विलीन झाला नाही. दिवाळी सरली की त्यांच्या कानात हिना यायचा तो होळीपर्यंत टिकायचा. आत्या लहानपणी त्यांच्या डगल्यात तोंड खुपसून बसे, असे घरात सांगतात.

ऋतूचा गंध, गंधाचा ऋतू

अत्तरांचे एक पंचांग आपल्याकडे पूर्वीपासून आहे. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, केवडा, गुलाब. पहिल्या पावसाच्या सुमारास मातीचे अत्तर. थंडी पडली की हिना, शमामा, ऊद, केशर, कस्तुरी, अंबर. जुन्या घरांतून हा क्रम कोणी मोडीत नसे. हल्ली आपण बारमाही एकच बाटली वापरतो, आणि जानेवारीत तिचा वास येत नाही म्हणून चार वेळा फवारतो.

या क्रमामागे शास्त्र आहे आणि ते सोपे आहे. वास येतो तो द्रव्याचे कण हवेत उडून नाकापर्यंत पोचतात म्हणून. लिंबाचे किंवा हलक्या फुलांचे कण चपळ. ते झटकन उडतात, आणि उन्हाळ्यात त्या उडण्याचाच गारवा आपल्याला सुखावतो. चंदन, ऊद, राळ, कस्तुरी यांचे कण जड. ते सावकाश उडतात. मेच्या उन्हात अंगावर हिना चोळला, तर ते जड कण एकदम उसळतात आणि शेजारी बसलेल्याचे डोके उठते. तोच हिना ग्वाल्हेरच्या थंडीत, पारा चार-पाच अंशांवर उतरलेल्या रात्री, अंगाच्या उबेने थोडा थोडा सुटत राहतो. मोगऱ्याचे उलट होते. थंडीत तो फुलत नाही, आणि जे थोडे फुलते ते तासाभरात सरते.

अत्तराने अंग तापत नाही, हेही सांगून टाकावे. अत्तर 'गरम' आहे असे आपण म्हणतो ते आठवणीच्या हिशेबाने. लवंग, जायफळ, वेलची यांचा वास आला, की चुलीजवळ बसल्यासारखे वाटते. चंदनाच्या वासाने देवघर आठवते. ऊब नाकातून मनात जाते. अंगाला शेकायला शेगडीच लागते.

रिकाम्या कुपीची परीक्षा

बाड्याच्या मागल्या गल्लीत एक वृद्ध अत्तरवाले बसतात. त्यांना सारे 'बडे मियाँ' म्हणतात. मी कुपी पुढे केली. त्यांनी बूच काढले, कुपी तळहातात धरून मिनिटभर मुठीत गरम केली आणि मग नाकाशी नेली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हिना आहे. मसाला उडून गेला आहे, चंदन तेवढे राहिले आहे. हे चंदन आता माझ्याकडे नाही.

हिना म्हणजे मेंदी, हे आपण सारेच जाणतो. आणि येथेच पुष्कळ लोक फसतात. मेंदीच्या फुलांपासून काढलेले अत्तर असते, पण त्याला 'गुलहिना' म्हणतात, आणि ते फुलासारखेच गोड व हलके असते. थंडीचा 'हिना' वेगळा. तो आणि त्याचा थोरला भाऊ शमामा, ही दोन्ही एका फुलाची अत्तरे नव्हेत; ती अनेक मुळे, साली, बिया आणि मसाले एकत्र करून काढतात. काय काय असते, असे मी विचारले, तेव्हा बडे मियाँ बोटे मोडू लागले. नागरमोथा, जटामांसी, कापूरकाचरी, लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री, केशर, छडीला...

"छडीला म्हणजे?"

त्यांनी डबा उघडून दाखवला. त्यात दगडफूल होते! आपल्या गोड्या मसाल्यातले काळे-करडे, कागदासारखे दगडफूल. मी मनातल्या मनात यादी पुन्हा वाचली. नागरमोथा, जटामांसी, कापूरकाचरी हे दिवाळीच्या उटण्यात. लवंग, वेलची, दगडफूल हे गोड्या मसाल्यात. जायफळ, वेलची, केशर श्रीखंडात. ज्याला आपण दरबारी अत्तर म्हणून लांबून नमस्कार करतो, ते निम्मेशिम्मे आपल्याच फडताळातले आहे. मराठी माणसाला हिना आवडून जातो याचे मला नवल वाटायचे, ते त्या दिवशी सरले. अभ्यंगाच्या पहाटेची आणि आमटीच्या दुपारची त्याची ओळख आधीपासूनचीच असते.

देग आणि भपका

ही अत्तरे बहुतेक येतात ती कनौजहून. ग्वाल्हेरहून भिंड-इटाव्याच्या वाटेने गेले, तर एका दिवसात जाऊन येण्याजोगे हे गाव. तेथील रीत शतकानुशतकांची आहे. तांब्याच्या मोठ्या हंड्यात, म्हणजे देगेत, द्रव्ये आणि पाणी घालायचे, झाकण मातीने लिंपून बंद करायचे आणि खाली लाकडाचा किंवा गोवऱ्यांचा मंद जाळ ठेवायचा. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते. ते भांडे म्हणजे भपका. तो पाण्याच्या हौदात बसवलेला असतो आणि त्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. वाफ थंड होते, सुगंध चंदनात मुरतो, पाणी वेगळे काढून पुन्हा देगेत घालतात. फुलांच्या अत्तराला काही दिवस लागतात. शमाम्यासारख्या मिश्रणाला एकामागून एक द्रव्यांचे थर देत कित्येक आठवडे जातात. पुढे ते चामड्याच्या कुप्प्यात भरून ठेवतात, म्हणजे राहिलेला ओलावा चामड्यातून निघून जातो आणि अत्तर पिकते.

यात सारी मदार चंदनावर असते. चंदन स्वतः फारसे बोलत नाही, पण दुसऱ्याचा गंध धरून ठेवते. म्हणून तर अण्णांच्या कुपीत सत्तरेक वर्षांनी तेच उरले. चंदनाच्या तेलासाठी म्हैसूर संस्थानने १९१६ साली सरकारी कारखाना काढला, आणि 'म्हैसूरचे चंदन' हे नाव जगभर झाले. पण झाडे संपत गेली. खाजगी जमिनीवरील चंदनही सरकारचेच, असा नियम कर्नाटकात २००१ साली आणि तमिळनाडूत २००२ साली बदलेपर्यंत होता. मग आपल्या वावरात ते कोण जोपासणार? आज शुद्ध चंदन-तेलाचा भाव किलोला लाखाच्या पुढे आहे. परिणाम असा, की स्वस्त अत्तरांत भपक्यातले चंदन जाऊन त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन किंवा डायऑक्टिल थॅलेट अशी निर्गंध तेले आली. वास तोच भासतो, पण दुसऱ्या दिवशी फाया हुंगला तर त्यात काही नसते.

बडे मियाँनी माझ्यासमोर हिन्याच्या दोन बाटल्या ठेवल्या. एकीची किंमत दुसरीच्या वीसपट होती. त्यांनी दोन्ही मनगटांवर एकेक काडी ओढली आणि म्हणाले, आता बाजार करून या, तासाभराने सांगा.

कस्तुरी, अंबर आणि माझी फजिती

तीळ-गूळ घेता घेता मला माझी जुनी फजिती आठवली. कॉलेजात असताना जत्रेतल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून मी 'असली कस्तुरी' घेतली होती. केसाळ कातड्याची ती लहानशी गाठ मी आठ दिवस गाद्यांच्या कपाटात दडवली. घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला आणि आईने ती गाठ चिमट्याने धरून अंगणात टाकली. मांजरानेसुद्धा तिच्याकडे पाहिले नाही.

खरी कस्तुरी असती तरी ती घेणे गुन्हाच होता. ती कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाखालील ग्रंथीत असते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या हरणाला पूर्ण संरक्षण आहे. अंबराचे तेच. ते स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होते. कोकण किनाऱ्यावर 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो ती हीच वस्तू, आणि तिचा व्यापार या देशात बेकायदा आहे. तेव्हा दुकानात 'कस्तुरी' वा 'अंबर' असे नाव दिसले, की ते वनस्पतींचे अथवा रसायनशाळेचे मिश्रण आहे असे समजावे आणि त्यात कमीपणा मानू नये. कस्तुरीचा गंध ज्या रेणूमुळे येतो, त्या मस्कोनची रचना रूझिका या शास्त्रज्ञाने १९२६ साली उलगडली. त्याला पुढे १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय आपल्याकडे कस्तुरभेंडी आहेच. तिच्या बियांना कस्तुरीसारखा मंद, उबदार वास असतो आणि त्यासाठी कोणाचा जीव जात नाही.

ऊद म्हणजे आपला अगरु. हा आसामकडील झाडाच्या लाकडात, बुरशीचा संसर्ग झाला म्हणजे, तयार होणारा राळयुक्त गाभा. निरोगी झाडात तो नसतो. आसामातील होजाई हे या व्यापाराचे मोठे ठाणे. खरा ऊद फार महाग, आणि पहिल्या वासाला थोडा उग्र, गोठ्यासारखाही वाटतो. अर्ध्या तासाने तो मऊ होतो. ज्याला धीर नाही त्याने ऊद घेऊ नये.

निवडावे कसे?

निवड करण्याचे कोडे आजचे नाही. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत 'गंधयुक्ति' नावाचा अध्यायच लिहिला. सोळा द्रव्यांतून चार चार निवडण्याचे १८२० प्रकार, आणि त्यांची प्रमाणे उलटसुलट केली तर १,७४,७२० सुगंध होतात, असा हिशेब त्याने मांडला आहे. मांडूच्या घियासशाहाच्या 'निमतनाम्या'त समोसे आणि खिरींच्या जोडीला सुगंधांचे पाठ आहेत. आणि 'गंधवाद' या जुन्या ग्रंथावर तर चक्क मराठी टीका आहे. गंगाधराच्या 'गंधसारा'बरोबर तो वडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ साली प्रसिद्ध केला. आपल्या पूर्वजांना सुगंधाचे वावडे होते असे कोणी म्हणाले, तर हे उदाहरण पुढे करावे.

इतक्या हजारांतून एक निवडायचे, तर काही साधे नियम उपयोगी पडतात. एका बैठकीत तीनांहून अधिक वास घेऊ नयेत, नाक थकते. मधे आपल्याच बाहीचा वास घ्यावा, म्हणजे ते पुन्हा ताजे होते. कागदावर हुंगून ठरवू नये, कातडीवर लावून निदान अर्धा तास थांबावे. पहिला झपाटा हा विक्रेत्यासाठी असतो. घरी आपल्याबरोबर येतो तो नंतरचा वास.

कचेरीत वा शाळेत जाणाऱ्याने नुसते चंदन घ्यावे. ते कोणाच्या वाटेत येत नाही. ज्यांना मसाला आवडतो त्यांनी हिना, ज्यांना त्याहून गडद हवे त्यांनी शमामा. रात्रीच्या गाण्याच्या बैठकीला ऊद शोभतो. डिसेंबरात तानसेन समारोहाला शाल गुंडाळून बसणाऱ्यांतून असा एखादा गंध दरवळला, की दाद द्यावीशी वाटते. गोडसर ऊब हवी असेल तर केशराकडे वळावे.

पाश्चात्य बाटल्यांत हीच ऊब व्हॅनिला आणि राळ यांच्यातून येते. १८७४ साली व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि तेथील सुगंधाचा संसारच बदलला. पॅरिसच्या गर्लें या घराण्याचे १९२५ चे 'शालिमार' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. नाव मात्र आपल्याकडच्या मोगल बागेचे. अशा बाटल्या घेताना थंडीत 'कलोन' टाळावे. त्यात सुगंधी द्रव्य शेकडा दोन ते पाचच असते. 'ओ द परफ्यूम'मध्ये ते साधारण पंधरा ते वीस असते आणि तेच टिकते.

लावण्याचीही रीत आहे. थंडीत कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीवर गंध ठरत नाही. म्हणून अंघोळीनंतर थोडे तेल लावावे आणि मग अत्तर. मनगट, कानामागे, गळ्याच्या खळीत, जेथे अंग उबदार असते तेथे. चोळू नये, टेकवावे. रेशमावर आणि पश्मिन्यावर थेंब टाकला, तर तेलाचा डाग जन्माचा राहतो. त्यापेक्षा कापसाचा फाया करून खिशात किंवा ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवावा. लोकरीइतका गंध दुसरे काहीच धरीत नाही. बाटली काचेची, घट्ट बुचाची, उन्हापासून दूर. एका वेळी पाव तोळ्याहून अधिक घेऊ नये. तोळा म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास, आणि हिन्याचा एक थेंबदेखील दिवसभर पुरतो.

हात पुढे करा

तासाभराने मी परत गेलो. उजव्या मनगटावर काही उरले नव्हते. डाव्यावर मसाला ओसरून खालचे चंदन वर येऊ लागले होते. मी डावीकडची बाटली घेतली, पाव तोळा. बडे मियाँनी अण्णांची कुपी परत देताना सांगितले, की ही धुऊ नका.

रात्री मी सौभाग्यवतींना किंमत सांगितली. त्या रागावतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "मागच्याच वर्षी माझ्या मनात होतं. पण मीच कसं विचारावं?" कशाबद्दल, ते आम्ही दोघांनीही बोललो नाही.

संक्रांतीच्या संध्याकाळी बायका जमल्या. मी उसाच्या कांड्यांचे ताट घेऊन दाराशी उभा होतो. अत्तरदाणी बाहेर आली तशी आत्या गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

"दूध बघते."

"दूध मी उतरवून ठेवलंय, आत्या," सौभाग्यवती म्हणाल्या. "बसा ना. हात पुढे करा."

क्षणभर खोलीत कोणी बोलले नाही. समोरच्या वाड्यातल्या काकूंनी नजर वाटीकडे वळवली. कोणाला आवडले, कोणाला नाही, ते मला सांगता येणार नाही. आत्याने माझ्याकडे पाहिले, मग हात पुढे केला. सुरकुतलेला, थोडा कापणारा. कुंकवाच्या बोटाला तिने मानेनेच नको म्हटले होते, आणि तेथे कोणी आग्रहही केला नाही. अत्तराची काडी मात्र तिने हातावरून फिरू दिली. मग हात सावकाश नाकाशी नेला.

"अण्णांचा नाही हा," ती म्हणाली. आणखी एकदा हुंगून म्हणाली, "पण हिना आहे."

आणि हात शालीखाली घेऊन ती बसून राहिली. काकूंनी तिला तिळगूळ दिला, गोष्टी पुन्हा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. उरलेल्या अत्तराचा एक फाया करून दे, म्हणाली. ट्रंकेत अण्णांचा डगला आहे, त्याच्या घडीत ठेवायचा आहे. मी फाया केला. ट्रंक बंद करताना तिने बजावले, की पुढल्या वर्षी बाटली मार्गशीर्षातच आणून ठेव, ऐनवेळी बाजारात मिळेल ते उचलू नकोस.

यादीत या वेळी मी स्वतःच 'हिना' असे लिहून ठेवले आहे.